पिवळी गोळी, बदामी गोळी

सेरेतेच्या बाजारामागच्या गल्लीत लिबार्दो नेग्रेतेचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक आंब्याचं झाड आणि झाडाखाली मांडलेल्या अर्ध्यामुर्ध्या झुलत्या खुर्च्या. ऊन उतरलं की दाराबाहेर खुर्ची टाकून झुलत बसायची त्या गावाची रीत, त्यामुळे लिबार्दोचे हात कधी रिकामे राहिले नाहीत. माणूस कामाला चोख होता, पण त्याला एक खोड होती. कुणाचं अडलेलं त्याला पाहवत नसे. शेजारणीचा पंखा बंद पडला की हा न बोलावता पेचकस घेऊन हजर. कधी पंखा सुरू व्हायचा, कधी कायमचा जायचा. त्याची बायको हयात होती तेव्हा म्हणायची, "तुमच्या मदतीपेक्षा तुमचा राग परवडला. तो निदान लवकर संपतो."

बायको गेल्यावर घरात तो एकटाच उरला. जेवण मात्र दोन गल्ल्या पलीकडे एमिरो दोरियाच्या घरी व्हायचं. एमिरो गावच्या बँडमध्ये बोंबार्दीनो वाजवायचा. मांडीवर घेऊन फुंकायचं ते पोटाळं पितळी वाद्य त्याच्या हातात आलं की पोरो नाचाची चाल ऐकून म्हातारीकोतारीही उठून पाय टाकायची. एमिरोच्या मुलीच्या, मार्लेव्हिसच्या, बाप्तिस्म्याला लिबार्दो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे. त्या भागात हे नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं मानतात, कारण भाऊ देव देतो आणि कोम्पाद्रे माणूस स्वतः निवडतो. एमिरोची बायको एनिल्दा लिबार्दोला कोम्पाद्रेच म्हणायची, तो तिला कोमाद्रे. ती त्याला माशाच्या रश्श्यातलं डोकं वाढायची, म्हणजे घरच्या माणसाचा मान द्यायची.

त्या वर्षी पवित्र आठवड्यात एमिरोला हृदयविकाराचा झटका आला. माँतेरियाच्या मोठ्या इस्पितळात नेऊन त्याची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. लिबार्दो रोज भेटायला जायचा आणि त्याची टिंगल करायचा, म्हणायचा की इतकी वर्षं फुंकून फुंकून आतला भाता फाटला असेल. ही टिंगल पुरती संपायच्या आत एका सकाळी खुर्चीचा पाय रंधताना त्याच्याच छातीत कळ आली, घामाने अंग भिजलं आणि त्यालाही त्याच इस्पितळात, त्याच टेबलावर नेऊन घातलं. एमिरो तोवर घरी आला होता. तो भेटायला आला तेव्हा खाटेच्या कडेला बसून इतका हसला की परिचारिकेने त्याला बाहेर काढलं.

तिथल्या हृदयतज्ज्ञ होत्या डॉक्टर बेरोकाल. त्या एक अभ्यास करत होत्या आणि एमिरोने त्यात आधीच नाव दिलं होतं. लिबार्दोला त्यांनी समजावून सांगितलं ते त्याला लगेच पटलं, कारण त्याचं बालपण भाताच्या खाचरांत गेलेलं. त्या म्हणाल्या की मोठा कालवा आम्ही मोकळा केला, पण कालव्याचं पाणी शेतात जातं ते बारीक पाटांतून. झटक्यात त्या पाटांत गाळ बसतो. कालवा खळखळून वाहतो आणि शेताचा एखादा तुकडा मात्र सुकत राहतो. हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दोन गोळ्या चांगल्या आहेत, टिकाग्रेलॉर आणि प्रासुग्रेल. त्यांतली कुठली या बारीक पाटांना जास्त मानवते ते पाहायचं होतं. कुणाला कुठली द्यायची हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. आत्ता एक बारीक तार हृदयापर्यंत नेऊन पाटांची अडचण मोजायची आणि महिन्याने पुन्हा मोजायची.

चिठ्ठी टाकण्याआधी त्यांनी बरेच प्रश्न विचारले. कधी तोंड वाकडं झालं होतं का, बोबडी वळली होती का, हात लुळा पडला होता का, अगदी घटकाभर का होईना. लिबार्दो नाही म्हणाला आणि ते खरं होतं.

"असं ज्याला झालंय त्याला प्रासुग्रेल मी हातातसुद्धा धरू देत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका असतो. म्हणून खोदून खोदून विचारते."

हे ऐकलं आणि लिबार्दोला एक जुनी पहाट आठवली. काही वर्षांपूर्वी कार्निव्हलसाठी बँड बाहेरगावी गेला होता आणि लिबार्दोही सोबत होता. पहाटे दोघं मुक्कामाच्या अंगणात कॉफी घेत बसले होते आणि एमिरोच्या हातून पेला निसटला. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला, बोलायला गेला तर नुसते बुडबुडे. लिबार्दोने त्याला धरून बसवलं. ऊन वर येईपर्यंत सगळं जागच्या जागी आलं आणि एमिरो पहिलं वाक्य बोलला ते असं, की कुणाला सांगितलंस तर मार्लेव्हिसची शपथ. बँडच्या म्होरक्याला कळलं असतं तर त्याने दुसरा वाजवणारा आणला असता.

इस्पितळातून घरी आल्यावर लिबार्दोने एमिरोला विचारलं की डॉक्टरीणबाईंनी तुलाही हे विचारलं होतं का. एमिरो म्हणाला, विचारलं होतं, मी नाही म्हणून सांगितलं, आणि माझ्या वाट्याला पिवळी गोल गोळी आलीय, टिकाग्रेलॉर, तिला त्या भानगडीचं काही नाही, मग झालं तर. लिबार्दोच्या वाट्याला बदामी रंगाची आली होती, प्रासुग्रेल. म्हणजे लबाडी करूनही एमिरोला नशिबाने बरोबर गोळी दिली होती. लिबार्दोने मनातल्या मनात संत अंतोनियोला हात जोडले आणि विषय सोडून दिला.

एमिरोची महिन्याची मोजणी झाली आणि चांगली आली. पाट बरेच मोकळे झाले होते. पण त्याचा दम काही पूर्वीसारखा येईना. जिना चढताना काही नाही, चालताना काही नाही, नुसता बसला असताना मात्र मध्येच श्वास अपुरा वाटायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पिवळ्या गोळीने काहींना असं होतं, हृदयाला त्याने अपाय नाही, बहुधा कमी होत जातं, आणि सोसवलं नाही तर येऊन सांगा, आपण दुसरं काही बघू. एमिरो सांगायला गेला नाही. गेलो तर पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारतील, ही त्याची धास्ती. इकडे संत अंतोनियोचा उत्सव तोंडावर आला होता. चौकातल्या फांदांगोत रात्रभर बँड वाजतो, बायका पेटत्या मेणबत्त्यांचे जुडगे हातात धरून बँडभोवती फेर धरतात, आणि पोरोच्या मध्यावर बोंबार्दीनो एकटा गातो. त्या एकट्या तुकड्यासाठी लोक जवळपासच्या गावांहून येतात. एमिरोला सराव करताना तो तुकडा एका दमात निघेना. एनिल्दा भिंतीआडून ऐकायची आणि काही बोलायची नाही, हेच त्याला जास्त लागायचं.

लिबार्दोचं दुखणं निराळं होतं. सुताराचा हात, दिवसातून चार ठिकाणी लागणारच. पण त्या बदामी गोळीने जरा काही लागलं की काळंनिळं व्हायचं. दात घासले की थुंकी लाल. गिऱ्हाइकं त्याच्या हातांकडे बघून दचकायची. एका म्हातारीने तर विचारलंही, की तुला कोणी मारतं का. त्याने हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की मोठा रक्तस्राव नाही ना, मग थोडं सोसा. तो सोसत होता, पण त्याचं मन पिवळ्या गोळीकडे धावायचं. एमिरोचे हात कसे स्वच्छ होते.

एका दुपारी एमिरो कारखान्यात येऊन बसला. मांडीवर बोंबार्दीनो होता, तो त्याने एकदाही तोंडाला लावला नाही.

"होत नाही कोम्पाद्रे," तो शेवटी म्हणाला. "अर्ध्यात दम तुटतो. मी म्होरक्याला सांगणार आहे, दुसरा बघ म्हणून."

"थांब, सांगू नकोस," लिबार्दो म्हणाला. "उत्सव होईपर्यंत माझी घे. मी तुझी घेतो. डबीवर नावं आपापली राहू देत, आतल्या गोळ्या बदलू."

एमिरोने त्याच्याकडे पाहिलं. "ती मला चालते का पण? ते मागचं..."

"ते होऊन किती वर्षं झाली. आणि झटका तरी कुठे होता तो, ऊन लागलं होतं तुला."

हे वाक्य त्याने उच्चारलं तेव्हा तो स्वतःही त्यावर जवळजवळ विश्वास ठेवून होता. ऊन लागलं होतं म्हणे, आणि वेळ पहाटेची. एमिरोने बोंबार्दीनो मांडीवरून खाली ठेवला. नकार द्यायचं त्याच्या मनात होतं, ते लिबार्दोला दिसत होतं. मग लिबार्दो हसत म्हणाला की तुझ्या बोंबार्दीनोशिवाय उत्सव म्हणजे मीठ नसलेला युकाचा कंद, आणि एमिरोने मान हलवली. डब्या कामाच्या फळीवर उपड्या झाल्या. पिवळ्या एकीकडे, बदामी एकीकडे.

नंतर पुष्कळ दिवसांनी लिबार्दोने स्वतःशी कबूल केलं ते हे, की त्या दुपारी त्याच्या मनात मित्राची दया होती हे खरं, पण एमिरोला बदामी जितकी हवी होती त्याहून त्याला स्वतःला पिवळी जास्त हवी होती.

आठवड्याभरात एमिरोचा दम परत आला. संध्याकाळी त्याच्या अंगणातून पोरोचे सूर दोन गल्ल्यांवर ऐकू यायला लागले आणि एनिल्दाने शेजारणींना सांगितलं की माझा नवरा पुरता बरा झाला. लिबार्दोच्या हातांवरचे डाग फिके पडत गेले. थोडा दम लागायचा, पण त्याला कुठे वाजवायचं होतं?

मग त्याच्या महिन्याच्या मोजणीचा दिवस आला. डॉक्टर बेरोकालांनी तार सरकवून पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. त्याचे पाट झटक्यानंतर अगदीच तुंबलेले होते आणि आता पाणी छान खेळत होतं. त्यांनी परिचारिकेला बोलावून आकडा दाखवला. लिबार्दोला म्हणाल्या, "तुमच्यासारखी नेमाने गोळी घेणारी माणसं मिळाली तर आमच्या अभ्यासाचं सोनं होईल." लिबार्दो टेबलावर आडवा पडल्या पडल्या हसला. आकडा कुठल्या गोळीचा ते त्याला ठाऊक नव्हतं. थोडा बदामीचा, थोडा पिवळीचा. तो एक शब्द बोलला असता तर उत्सवाच्या आधीच सगळं निस्तरलं असतं. त्याने कपडे चढवले, आभार मानले आणि बस पकडून घरी आला.

उत्सवाच्या संध्याकाळी एमिरोने जे वाजवलं त्याची आठवण सेरेतेत अजून काढतात. एकट्याचा तुकडा आला तेव्हा बाकीच्यांनी वाद्यं खाली केली. मेणबत्त्या धरलेल्या बायका फेर धरायच्या थांबल्या, मेण त्यांच्या मनगटांवर ओघळत होतं. एमिरोचे गाल फुगले होते, डोळे मिटलेले होते, आणि सूर तुटायलाच तयार नव्हता. संपलं तेव्हा एनिल्दा रडत होती. लिबार्दोने शेजारच्या माणसाच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला वाटलं की हे आपण केलं. हा अभिमान त्याला पुढे फार महागात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमिरो कोंबड्यांना मका टाकत होता. एनिल्दाला ताटली पडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तो कुशीवर पडला होता, कोंबड्या त्याच्याभोवतीचे दाणे टिपत होत्या आणि तो तिच्याकडे बघत काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. उजवा हात हालत नव्हता.

लिबार्दो पोचला तेव्हा एमिरोला गाडीत घालत होते. इस्पितळात मेंदूचं चित्र काढलं. डाव्या बाजूला रक्त साकळलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टराने एनिल्दाला विचारलं की हे रक्त पातळ करणारं काय घेत होते. एनिल्दाने अभ्यासाचं कार्ड दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, टिकाग्रेलॉर. डॉक्टराने मान डोलावली आणि तो आत गेला. लिबार्दो भिंतीला टेकून उभा होता. आता सांग, असं तो स्वतःला म्हणत होता, आणि जागचा हलत नव्हता. एनिल्दाने त्याचा हात धरला आणि म्हणाली की तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे कोम्पाद्रे. त्याने तिला बाकावर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

दुपार झाली तेव्हा डॉक्टर बेरोकाल एमिरोला पाहायला दुसऱ्या मजल्यावरून खाली आल्या. त्या परत जायला निघाल्या तसा लिबार्दो त्यांच्या मागोमाग गेला आणि जिन्याखाली त्यांना गाठलं. त्याने सांगितलं की एमिरो पिवळी घेत नव्हता, बदामी घेत होता, आणि पूर्वी एकदा त्याचं तोंड वाकडं झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं की बदामी त्याच्याकडे आली कुठून.

"माझी," लिबार्दो म्हणाला. "त्यानेच मागितली. फार मागे लागला होता."

हे खोटं कुठून आलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. सांगायला निघाला होता खरं, आणि खऱ्याच्या शेपटीला हे चिकटून बाहेर आलं.

डॉक्टर तशाच परत धावल्या. कुठली गोळी पोटात आहे त्यावर पुढचं काही ठरत होतं, बाहेरून रक्त गोठवणाऱ्या पेशी द्यायच्या की नाहीत वगैरे. त्या द्यायचं ठरलं. मेंदूतलं रक्त वाढायचं थांबलं. संध्याकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा लिबार्दोने विचारलं की मी सकाळीच सांगितलं असतं तर? डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ते मी सांगू शकत नाही, सेन्योर नेग्रेते. पडला असता फरक, नसताही पडला. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही, आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही." मग त्या एनिल्दाशी बोलायला गेल्या आणि जे लिबार्दोकडून ऐकलं होतं ते त्यांनी तिला सांगितलं.

एमिरो वाचला. पाय ओढत का होईना, काठीने चालू लागला. उजव्या हाताची बोटं मात्र वळलेलीच राहिली, आणि बोंबार्दीनोच्या कळा दाबायच्या त्या त्याच बोटांनी. बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण बाहेर एकच शब्द यायचा. "असंच." बँड रंगात आला की माणसं एकमेकांना ओरडून उत्तेजन देतात तोच शब्द. भूक लागली, असंच. नको, असंच. बँडमधले मित्र भेटायला आले तेव्हा त्यांना हसू आवरेना आणि एमिरोही त्यांच्यात हसला. ते गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

लिबार्दो रोज जायचा. त्याला न्हाऊ घालायचा, बोटं चोळून द्यायचा. एनिल्दाला त्याचा मोठा आधार वाटायचा. आणि त्याच्या देखत, युका सोलता सोलता, ती नवऱ्याला बोलायची.

"काय अडलं होतं रे त्या गोळीवाचून? दुसऱ्याच्या औषधावर डोळा ठेवलास. एका रात्रीच्या टाळ्यांसाठी मागून घेतलीस, आणि या भल्या माणसालाही अडचणीत आणलंस."

पहिल्यांदा तिने असं म्हटलं तेव्हा एमिरो चमकला. त्याने डोकं वळवून लिबार्दोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "असंच," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज प्रश्न विचारल्यासारखा वर गेला. लिबार्दोने त्याची बोटं चोळणं थांबवलं नाही. मान खाली घातली. त्यानंतर एनिल्दा तसं बोलायची तेव्हा एमिरो डोळे मिटून घ्यायचा. ज्याच्याकडे सांगायला शब्दच नाहीत त्याच्या नावावर आपण खोटं लिहिलंय, हे लिबार्दो रोज जेवणाच्या घासाबरोबर गिळायचा. एनिल्दा त्याला अजून माशाचं डोकं वाढायची. त्याला ते उतरेना. तो म्हणायचा की डॉक्टरांनी मासा कमी करायला सांगितलाय, जे डॉक्टरांनी कधीच सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात मार्लेव्हिस मेदेयीनहून आली. तिचे दिवस भरत आले होते. लिबार्दो धर्मबाप, म्हणून तिने येऊन आधी त्याच्यापुढे मान वाकवली आणि त्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला. जेवणं झाल्यावर सगळे अंगणात बसले होते. ती म्हणाली, "पाद्रीनो, माझ्या बाळालाही बाप्तिस्म्याला तुम्हीच मांडीवर घ्यायचं. आईचं आणि माझं ठरलंय. बाबांनी हट्ट केला तरी तुम्ही शेवटी खरं सांगून त्यांचा जीव वाचवलात. असा माणूस बाळाला दुसरा कुठला मिळणार?"

एनिल्दा मान डोलावत होती. एमिरो कोपऱ्यात झुलत होता, त्याची खुर्ची थांबली.

लिबार्दोने पाण्याचा पेला खाली ठेवला. त्याला वाटलं होतं की असं काही सांगायची वेळ आली तर आपण आधी पुष्कळ बोलू, सबबी सांगू. तसं झालं नाही.

"त्याने मागितली नव्हती," तो म्हणाला. "मी दिली. तो नको म्हणत होता. त्याला ती चालत नाही हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, तरी दिली. मला त्याची हवी होती. आणि नंतर मी खोटं बोललो."

मार्लेव्हिस आईकडे बघत होती. एनिल्दा सावकाश उठली, त्याच्यापुढची ताटली उचलली, आत नेऊन ठेवली आणि परत आली.

"तुम्ही आता घरी जा, सेन्योर लिबार्दो," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच नावापुढे सेन्योर लावून हाक मारली होती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. दाराशी पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. एनिल्दा नवऱ्यापुढे जमिनीवर बसली होती, त्याचा वाकडा हात तिने आपल्या गालाला लावला होता आणि इतके महिने उगाच बोलले रे तुला, असं काहीतरी पुटपुटत होती.

मार्लेव्हिसला मुलगा झाला. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून बँडचा म्होरक्या उभा राहिला. लिबार्दो चर्चच्या अगदी मागच्या बाकावर बसला होता. बोलावलं नव्हतं, पण चर्चला बोलावणं लागत नाही. बाहेर पडताना मार्लेव्हिसने त्याला पाहिलं आणि बाळाच्या तोंडावरचा रुमाल जरासा बाजूला केला, दिसेल न दिसेल इतका. मग ती पुढे गेली.

नव्या वर्षात तो स्वतःच माँतेरियाला गेला आणि डॉक्टर बेरोकालांना राहिलेलं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी दोघांची नावं अभ्यासातून केव्हाच वेगळी काढली होती. त्याच्या ज्या आकड्यावर त्या इतक्या खूष झाल्या होत्या, तो कशातच धरता येण्यासारखा नव्हता. रागावल्या नाहीत. त्याला पुन्हा बदामी गोळी नेमून दिली होती ती घेताय ना, एवढं विचारलं. तो म्हणाला, घेतो. हात पुन्हा काळेनिळे दिसत होते. निघताना त्याने विचारलं की शेवटी कुठली सरस ठरली.

"आमच्या माणसांत तरी कुठलीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बारीक वाहिन्यांना दोन्ही सारख्याच मानवल्या."

"म्हणजे तसं पाहिलं तर बदलून काही बिघडलं नाही?" हे विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

"गोळ्या सारख्या निघाल्या, सेन्योर नेग्रेते. त्या घेणारी माणसं सारखी नव्हती. म्हणून तर आधी प्रश्न विचारतो आम्ही."

बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. दोन्ही बाजूंना कालव्याचं पाणी उन्हात चमकत होतं. त्याला आत कुठेतरी आशा होती की डॉक्टरीणबाई काहीतरी असं सांगतील ज्याने ओझं थोडं उतरेल. तसं काही त्यांच्यापाशी नव्हतं आणि ते नव्हतं हेच बरोबर, असंही त्याला वाटलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी तो खुर्चीची पाठ विणत होता तेव्हा रस्त्यावर काठीचा आवाज आला. एमिरो एकटा चालत आला होता. दोन गल्ल्या यायला त्याला बराच वेळ लागला असणार, सदरा घामाने पाठीला चिकटला होता. लिबार्दो उठून उभा राहिला. एमिरोने त्याला ओलांडून आंब्याखालच्या एका खुर्चीचं बूड काठीने ठोकून पाहिलं, ती धरते असं वाटल्यावर तीत बसला आणि झुलू लागला. हातही पुढे केला नाही आणि रागही दाखवला नाही. लिबार्दोने त्याला माठातलं पाणी दिलं, ते तो प्याला. मग लिबार्दो परत विणायला बसला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना. त्याने माफी मागितली, ती बऱ्याच वेळाने, दोरी ओढता ओढता, खाली बघून. एमिरो झुलत राहिला. माफ केलं की नाही हे विचारायची सोय नव्हती, आणि सोय असती तरी विचारायचा हक्क आपल्याला नाही, असं लिबार्दोच्या मनात आलं.

तेव्हापासून एमिरो बहुतेक दुपारी यायला लागला. कधी झोपायचा, कधी रस्त्यावरची माणसं बघत बसायचा. लिबार्दो त्याची बोटं चोळायला हात पुढे करायचा, कधी एमिरो करू द्यायचा, कधी हात ओढून घ्यायचा. ऊन कललं की एनिल्दा त्याला न्यायला यायची. ती कारखान्याच्या उंबऱ्याबाहेरच थांबायची आणि लिबार्दोकडे बघायची नाही.

एके दिवशी तिने नवऱ्याला धरून उठवलं, त्याच्या सदऱ्याचं बटण लावलं आणि चार पावलं गेल्यावर मान न वळवता म्हणाली, "उद्या ते उशिरा येतील. सकाळी व्यायामवाल्या बाईकडे जायचंय." ते कुणाला उद्देशून होतं ते काही कळत नव्हतं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"बरं," लिबार्दो म्हणाला.

दोघं कोपऱ्यावरून वळली. लिबार्दोने पेला धुऊन माठावर पालथा घातला आणि राहिलेली पाठ विणायला घेतली.